पाळी

अखदर डोंगरावर जुलैतही पहाटे पांघरूण लागतं.
खाली मस्कतला तेव्हा डांबर चपलेला चिकटत असतं.
म्हणून ही सव्वीस मुलं इथे, पंधरा दिवस,
डाळिंबांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात,
आणि त्यांच्यासाठी मी:
एक कपाट, एक खाट, एक वही.

वहीत रकाने आहेत. नाव, तक्रार, उपचार.
पहिल्या दिवशी काटे. दुसऱ्या दिवशीही काटे,
शिवाय एकाला शेळीने ढुशी दिली
(शेळीला विचारलं तर ती वेगळं सांगेल).

तिसऱ्या रात्री अद्वय आला. रूवीचा, वय अकरा.
पोटात दुखतंय म्हणाला, बरोबर दहाला.
दाबून पाहिलं. पोट मऊ, जीभ स्वच्छ.
चौथ्या रात्री पुन्हा दहाला.
दहाला जनरेटर बंद होतो, हे लक्षात यायला
माझी एकोणीस वर्षांची नोकरी पुरली नाही.
शेवटी त्यानेच सांगितलं, भिंतीकडे बघत,
"सिस्टर, इथे काहीच वाजत नाही."

जन्मल्यापासून तो एसीच्या घरघरीत झोपलाय.
आईने अंगाईसुद्धा त्या आवाजावरून म्हटली असेल.
शांतता त्याला पहिल्यांदाच भेटत होती,
न सांगता आलेल्या पाहुण्यासारखी
खाटेपाशी येऊन उभी होती.

खल्फानला सांगितलं. शेत त्याचं.
तो हसला नाही. सतरंजी काखेत मारली,
पोराला 'चल' म्हणाला
आणि फलजच्या काठाला अंथरून दिली.
डोंगराच्या पोटातून निघालेला वीतभर पाट,
रात्रभर आपल्याशीच पुटपुटणारा.

खल्फानचं पाणी रात्री दोनच्या सुमारास.
मनगटावर घड्याळ आहे, खिशात फोन,
तरी तो समोरच्या कड्याकडेच बघत बसतो.
कृत्तिका (तो सुरैया म्हणतो) कड्यावर आल्या
की शेजाऱ्याची पाळी संपली.
मग चिंधीत गुंडाळलेला दगड या तोंडातला काढायचा,
त्या तोंडात बसवायचा.
आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात, मी म्हटलं.
दार म्हणजे त्याच्या भाषेत घर.
"घर धरायचं? पाण्याने?"
मी जरा थांबून हो म्हटलं.

नवव्या रात्री दाराआडून शमसा.
सोहारची, साडेबारा वर्षांची,
उंटावर न घाबरता बसलेली एकटीच.
ओठ पांढरे. म्हणाली, काहीतरी झालंय.
कपाटातून लागतं ते दिलं, कोमट पाणी दिलं,
जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं.

माझी रात्रपाळी, खल्फानच्या पाण्याची पाळी
आणि शमसाची, पहिली.
माझ्या भाषेत तिन्हींना शब्द एकच.
तिथे तो सांगायचा तरी कुणाला?

थोड्या वेळाने तिने विचारलं,
मला पाणी सोडताना बघायला जाता येईल का?
माझ्या वेळी, कवठेमहांकाळला,
चार दिवस माठ माझ्यापासून लांब ठेवला होता.
मी आतूनच ओंजळ पुढे करायचे
आणि धाकटा भाऊ वरून तांब्या धरायचा,
शिंतोडा उडणार नाही अशा बेताने.

बघायला कशाला, मी म्हटलं, जा, तूच दगड काढ.

पाटाच्या काठाने ती गेली, मी कंदील घेऊन मागे.
सतरंजीवर आडव्या पडलेल्या अद्वयला ओलांडून
तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.
दगड सुटेना. खल्फान मदतीला उठला,
पुन्हा बसला.
मग सुटला एकदम, आणि काळं पाणी
पहिल्या पायरीवरून दुसरीवर,
मुठीएवढ्या हिरव्या डाळिंबांखालून
कुणीतरी अनवाणी धावत जावं तसं गेलं.

वहीत त्या रात्रीचा उपचाराचा रकाना
मी कोराच सोडलाय. वरिष्ठ विचारतील.

अद्वय जागा झाला नाही.
सकाळी उठला तेव्हा त्याची कूस पाटाकडे होती
आणि एक कान ओला.