उगाच

दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसातला
मी पिग्मीचं मशीन घेऊन उभी असते.
रापण ओढून झालेली, लिलाव संपत आलेला,
बायका ओल्या बोटांनी नोटा मोजतात
आणि मला दहा देतात, वीस देतात,
बांगडा बरा लागला तर पन्नास.
पावतीला खवले चिकटतात.
घरी पोचले तरी पर्सला वास असतो पैशाचा,
म्हणजे मासळीचा.

पोरं देत नाहीत.
पोरं पर्यटकांना पाण्याखाली नेतात,
पाव टाकून मासे जमवतात, फोटो काढतात,
ऑक्टोबर ते मे, रोजचे हजार-बाराशे, वर टीप.
जूनमध्ये होड्या माडाखाली झापांनी झाकल्या जातात.
हप्ते झाकता येत नाहीत.

यज्ञेश कुबलचे चार आहेत.
एक फोनचा, एक बाईकचा,
एक आधीच्या फोनचा, जो समुद्रात पडला,
चौथा कशाचा ते त्यालाही आठवत नाही,
पाच तारखेला आपोआप कापला जातो.

कॉलेजात मला बोलावलं, आर्थिक साक्षरतेवर बोला म्हणून.
फळ्यावर कुणीतरी डुकराची पेटी काढून ठेवलेली, हसरी.
मी चक्रवाढ काढायला गेले, खडू मोडला.
मग विचारलं, सरंगा सकाळी कितीला?
दुपारी? पाच वाजता, बर्फाशिवाय?
सगळ्यांनी अचूक सांगितलं, मुलींनी जास्तच.
आता फोन. दुकानाची पायरी उतरताना कितीला?
हसले. कळलं त्यांना.
मला वाटलं, झालं आपलं काम.

तेवढ्यात मागच्या बाकावरून यज्ञेश:
"काकी, आवशीचे अकरा हजार खंय गेले?"

वर्ग गप्प.
ती जुनी पतसंस्था. दाराला सील,
संचालक एकेक करून आजारी पडले.
पावत्या मीच फाडल्या होत्या, माझ्या सहीच्या.
तेव्हा हा कडेवर होता,
माझ्या पावतीपुस्तकाचा कोपरा चघळायचा.
"फोन निदान हातात तरी आसा,"
तो म्हणाला. रागाने नाही,
भाव सांगावा तसा.

खडूचे दोन तुकडे मुठीत घेऊन मी घरी आले.

जुलैत एका संध्याकाळी स्वतःच पडवीत उभा.
"हप्तो चुकलो. दंड लावल्यानी, चारशे साठ."
मला वाटलं उसने मागणार,
मनातल्या मनात डबे उघडून पाहिले मी.
त्याने फोन पुढे केला.
जूनपासूनचा खर्च, रोजचा, लिहिलेला:

पेट्रोल शंभर
आवशीच्या गोळ्या एकशे दहा
वडापाव तिघांचे, मीच दिले, नव्वद
गेममधली तलवार एकोणपन्नास
उगाच दोनशे
रिचार्ज
उगाच साडेतीनशे
नारळ, रवळनाथाक, तीस
उगाच

"हेची बेरीज कर गो. माझ्यान होणा नाय."

बेरीज मला येते. तीस वर्षं तेच केलं,
पण वहीत सगळे आकडे दुसऱ्यांचे.
त्याच्यासमोर बसून मागचं कोरं पान काढलं
आणि माझे लिहायला घेतले.
गॅस. साखर. भाचीच्या बारशाचं पातळ.
पितळी समई, हप्त्याने, घरात दोन असताना.
तो वरून वाचत होता.
"उगाच," म्हणाला.
मी लिहिलं, उगाच.
बराच वेळ आम्ही दोघं तसेच,
एकमेकांचे उगाच शोधत.
त्याची बेरीज माझ्यापेक्षा मोठी निघाली,
पण वाटली होती तेवढी नाही.

गणपतीनंतर होड्या पाण्यात गेल्या.
आता तो पहाटेच्या फेरीनंतर येतो,
केसांतून मीठ गळत असतं,
वीस देतो, पावती मागतो,
मशीनवरचा आकडा फोनमधल्या आकड्याशी
बोट ठेवून ताडून बघतो,
मग माझ्या तोंडाकडे.
अजून पुरता विश्वास नाही.

बरं आहे, पोरा.
रोज असंच बघत जा.