अठरा आटे

धनकवडीच्या चढाला अठरा आटे,
तळजाईच्या खालच्या गल्लीला अकरा,
आंबेगावचं सांगता येत नाही, तिथं हात सांगेल तसं.
सव्वीस वर्षं पहाटे साडेचारला
ही लांब चावी खांद्यावर टाकून मी पाणी सोडलं.
ठेकेदार सात बदलले, चावी तीच.

तर डॉक्टरबाई मला समजावत होत्या,
"काका, रक्तवाहिन्या म्हणजे पाइपलाइनच समजा."
म्हटलं, बाई, पाइपाचं सोडून बोला.
हसल्या. हात काही थांबला नाही.
उजव्या मनगटातून नळी घातली,
ज्या मनगटानं रोज अर्धी धनकवडी आंघोळीला बसवली
त्याच मनगटातून.
पडद्यावर काळी शाई पसरत गेली,
फांदी, फांदीला फांदी,
आणि एका वळणावर नुसता धागा.
"इथं नव्वद टक्के. तिथं सत्तर."
मी छताकडं बघत मनात म्हणालो,
शेवटच्या घराला पाणी पोचत नसणार.

स्टेंट दोन बसले. चावी उचलायची नाही.
पाच किलोच्या वर काहीच उचलायचं नाही.
ठेकेदार म्हणाला, "आराम करा, ढमाले,"
आणि हजेरीच्या वहीतून माझं नाव काढलं.
तेवढं वजन त्याला उचललं.

मग कुणी सांगितलं, अपंगत्वाचा दाखला काढा,
चाळीस टक्के पुरतात.
माझ्याकडं तर नव्वद होते.
वर दुसरे सत्तर.
रंजना म्हणाली, मग उरतातच की.

लिफ्ट बंद. तिसरा मजला.
पहिल्या वळणावर क्षयरोगाचं पोस्टर वाचलं.
दुसऱ्या वळणावर तेच पोस्टर,
तेही सावकाश वाचलं.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, हात वर होतो?
होतो.
बोटं मिटतात? दिसतं? ऐकू येतं?
तुमचंच ऐकतोय.
त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली, माणूस वाईट नव्हता.
"ह्यातलं एक निवडावं लागतं. एकवीस प्रकार आहेत.
हृदय नाही ह्यात."
खालपर्यंत सरकवून दाखवलं. परत वर.
"शिवाय जिना चढून आलात ना?"

आलो.
उतरलोपण.

परवा नवा पोरगा घरी आला, प्रज्योत.
चावी दाराबाहेर टेकवली, तिचा आवाज मी आतून ओळखला.
"काका, चैतन्यनगरच्या मागं पाणीच चढत नाही."
मोबाईलवर नकाशाचा फोटो.
मी परत आलेल्या अर्जाच्या पाठीवर रेघा ओढल्या,
ही मोठी लाइन, ही सहा इंची, इथं पिठाची गिरणी,
गिरणीसमोर एक व्हॉल्व्ह.

"नकाशात नाहीये, काका."

"नाहीच. डांबराखाली गेलाय.
रात्री दोनला रस्त्यावर आडवा हो, कान लाव.
ऐकू येतो.
आणि एकदम उघडू नको.
जुनी लाइन आहे."