वीस किलोच्या पटीत

सोहार बंदराच्या अलीकडे, डांबर जिथे धुळीत विरतं,
तिथल्या वजनकाट्यावर सकाळपासून आकडा उमटला नाही.
जुना कॉम्प्युटर परवा रात्री गेला.
नवा मस्कतहून आला, त्यावर जुनाच प्रोग्रॅम चढवला,
आणि पहिल्याच क्लिकला त्यानं हात वर केले:
फाइल सापडत नाही.

बाहेर सव्वीस ट्रक, काळा दगड भरून.
ऑगस्टमधलं अकराचं ऊन.
खलफान केबिनच्या दारात, माझ्याकडे न बघता
मला विचारतो, किती वेळ?
पाच मिनिटं, मी म्हणते.
आमच्या धंद्यात हे उत्तर पिढीजात आहे.

फाइल आहे. बोट ठेवून दाखवू शकते.
नाव तेच, तारीख दोन हजार तीनची,
पंगतीत पानावर बसलेल्या पाहुण्यासारखी समोर,
आणि यजमान सगळ्यांना सांगतोय, ते काही आले नाहीत.

नोंदणी करते. होत नाही.
ॲडमिनिस्ट्रेटर होऊन करते. तीच चूक, आकडा वेगळा.
मग आठवतं: बत्तीसवाल्यांनी राहायचं चौसष्टच्या घरात,
आणि चौसष्टवाल्यांच्या दारावर पाटी बत्तीसची.
हे कुणी ठरवलं, विचारायचं नाही.
पोस्टमन असं विचारत बसला असता
तर पत्रं पोचली नसती.

फाइल त्या घरात नेऊन ठेवते.
सापडत नाही.

तेव्हा सोर्स उघडला, आणि आत
वजन. गाडी. भरलेली_गाडी. रिकामी_गाडी. थांब_जरा.
रोमन अक्षरांतलं मराठी,
वीस वर्षं कुणी न वाचलेलं.
सगळ्यात वर, अ. परकार, दाभोळ.
आणि एका फंक्शनच्या माथ्यावर:
हे का चालतं मला ठाऊक नाही. हात लावू नये.

मी हात लावला.

हा परकार कुठं असतो, खलफानला विचारलं.
"अझीम? गेला." त्यानं तळहात उपडा केला.
गेला म्हणजे गावाला, की कसा,
ते त्याच्या हिंदीत नव्हतं आणि माझ्या अरबीत नव्हतं,
आणि मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं.

उलगडायला दीड तास गेला.
समोरची फाइल हरवलीच नव्हती.
ती जिच्या खांद्यावर उभी, ती नव्हती,
आणि तिचं नाव त्या संदेशात कुठंच नव्हतं.
आई फोनवर म्हणते, तुझं पार्सल मिळालं नाही.
पार्सल मिळालेलं असतं.

मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क उपसून वायरीला लावली.
ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली.
अझीमच्या नावाचं खातं.
त्यात एक फोल्डर, 'उगाच'.
'उगाच'मध्ये एकच फाइल, चोवीस केबी.

उचलली. ठेवली. नोंदवली.
यशस्वी, म्हणाला डबा, जणू कधी नाही म्हणालाच नव्हता.

पहिला ट्रक शेरदिलचा. सेहेचाळीस हजार तीनशे ऐंशी.
पावती फाडून खलफाननं त्याला दिली,
त्यानं टोपीत खोचली, गेला. आभार वगैरे नाही.
पंचवीस राहिले होते.

अस्राच्या अजाननंतर शेवटचा उतरला.
परकारच्या त्या ओळीखाली मी एक ओळ टाकली:
मलाही नाही.

मग बाहेर जाऊन काट्यावर उभी राहिले.
सहजच. लोखंड बुटांतूनही भाजत होतं.
"साठ!" खलफान काचेतून ओरडला.
सदुसष्ट, मी ओरडले.
वीस-वीसनीच मोजतं हे, त्यानं हातानं सांगितलं,
आणि बटण दाबून पावती छापली.
बॅगेत अजून आहे:
सोहार, तारीख, वेळ, चालकाचा रकाना कोरा,
खाली, रिकामी गाडी, ६० किलो.