कडी

यादी गजभिये मॅडमनी आणली, टाइप केलेली, सात कलमं.
हौदाभोवती कुंपण, छातीएवढं.
गजांमधली फट चार बोटं, जास्त नाही.
फाटक आपोआप मिटणारं.
कडी पोराच्या हाताला न लागणारी.
तळाच्या जाळीचे स्क्रू नवे. खोली काठावर रंगवून.
आणि सातवं:
पूर्वी काही दुर्घटना?

दलाल उमाटे हसला.
"इतकं कोन पाहते बाप्पा!
त्रिमूर्तीनगरात हौदाचं घर भेटते कुठं?"
मॅडम हसल्या नाहीत.
त्यांचा ओजस, साडेचार वर्षांचा,
तेवढ्यात चपला काढून
पहिल्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला होता.

हौदच म्हणायचे हे.
स्विमिंग पूल म्हटलं की इन्कम टॅक्सवाले येतात.
वीस बाय दहा, निळ्या फरश्या,
पारा शेहेचाळीसला गेला त्या वर्षी खणलेला.
कुंपणाचा विषय कधी निघाला नाही.
आम्ही लक्ष ठेवणारी माणसं होतो.

इतवारीतून गज आले, हातठेल्यावर, तापलेले.
शकील वेल्डर दोन दिवस ठिणग्या उडवत बसला.
टेप लावून झाल्यावर म्हणाला,
"मावशी, टेपचं सोडा. पोट्ट्याचं डोकं जाते का, ते पाहू,"
आणि फ्रिजमधलं लहानसं खरबूज मागून
प्रत्येक फटीला लावून पाहिलं.
एकशे बारा फटी.
नाही गेलं.
मग आम्ही ते कापून खाल्लं, उभ्याउभ्याच.

सातव्या कलमापाशी मी तीन दिवस बसले.

अठ्ठ्याण्णवचा मे. दुपारचे अडीच.
आत फोन वाजला. धाकटी जाऊ,
कुरडयांना गहू किती भिजवू विचारत होती.
दोन किलो, म्हटलं. एवढंच.
परत आले तर
काठावर कैरीची फोड, तिखटमीठ लागलेली,
एका बाजूने दातांनी कुरतडलेली,
आणि मैथिली नाही.

आवाज नव्हता.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
मला वाटायचं, बुडणारं माणूस हाका मारतं.
पाणी नुसतं हलत होतं,
खुर्चीवरून कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

सुती साडी भिजली की दगड होते.
वर कशी आणली, आठवत नाही.
खोकली. ओकली. मग म्हणाली, माझी कैरी?

हे ऑफिसातून आले तेव्हा साडी दोरीवर होती.
"आज धुणं उशिरा?"
"हव."
त्या दोन अक्षरांवर हे घर
सत्तावीस वर्षं उभं आहे.
हे गेले, तेही त्यावर विश्वास ठेवून.

पुढे मैथिली विद्यापीठाकडून पोहली.
कपाटात तिचे चार कप आहेत, त्यातल्या एकात सेफ्टी पिना.
लोक म्हणायचे, आई किती सावध!
मी त्यांना चहा द्यायचे.

काल तिचा फोन बेंगळुरूहून.
"आई, जाताजाता कशाला हा खर्च?
आपल्याकडे कधी काही झालंय?"
मी फाटकाला बोट लावून उभी होते.
काढलं बोट.
ते आपल्या पायांनी आल्यासारखं आलं
आणि चौकटीत बसलं. खट्.
"कसला आवाज गं?"
"फाटकाचा," म्हटलं. "थांब, बसते. तुला एक सांगायचंय."

पलीकडे ती बराच वेळ बोलली नाही.
मग विचारलं, "कैरी दिलीस का मला?"

सातव्यासमोर मी लिहिलं: एकदा. वाचली.
खाली तारीख घातली, सही केली.
उमाटेनं कपाळाला हात लावला.
मॅडमनी कागद दोनदा वाचला,
घडी करून पर्समध्ये ठेवला,
आणि शकीलचा नंबर मागितला:
कडी आणखी सहा इंच
वर घेता येईल का?