पांढरी दोनच्या किंचित खाली

तासगाव रोडला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये
मी रात्रपाळीची हिशेबनीस.
दहानंतर आवक नसते. रजिस्टर मिटते,
माइकवर जुना मोजा चढवते
आणि पंधरा किलोच्या खोक्यांच्या थप्पीत बसते.
बेदाणा आवाज छान पितो.

कंप्रेसर मात्र गप्प बसत नाही.
पहिल्या वर्षी त्याला शिव्या दिल्या,
दुसऱ्या वर्षी गिटार त्याच्याच सुरात लावली:
पांढरी दोनच्या किंचित खाली.

अकरा गाणी झाली.
तीन महिन्यांचे एकोणचाळीस रुपये आले.
आईनं सौद्यातल्यासारखं विचारलं,
"दर काय निघाला?"
"पाव किलोच्या आतच, आई."

लिस्बनहून एकाचा निरोप आला,
मागचा तानपुरा फार सुंदर, कुणी छेडलाय?
मी कळवलं, दस्तगीर मुलाणी.
दस्तगीरचाचांना सांगितलं तर
ग्रीसचे हात पुसत म्हणाले,
"बंद पडला की साहेब बोलतात,
चालू असला की कोण विचारतंय."

परवा कडव्याच्या मधोमध लाईट गेली.
जनरेटर धरेपर्यंत बेचाळीस सेकंद
खाली काहीच नव्हतं.
मी गात राहिले, भीतीनं, थांबायचं सुचलं नाही म्हणून.

नंतर ऐकलं:
त्या अंधारात मी हळूहळू वर सरकलेय,
नेमकी पांढरी दोनवर.
कंप्रेसर परत आला तेव्हा
आम्ही दोघं एकमेकांना बेसूर.

ते बेचाळीस सेकंद कापावेत की ठेवावेत,
ठरत नाहीये.
गेटवर पहाटेची गाडी लागलीय.
वजन घ्यायला उठते.