एक अक्षर, सात आकडे

सोहारच्या बंदराकडून येणारा रस्ता
क्रोमच्या ढिगांना वळसा घालतो, तिथे आमचं ऑफिस.
ऑफिसच्या पोटात एक खोली,
अठरा अंशांवर कायमची गोठलेली.
बाहेर ऑगस्ट. शुक्रवार.
मांजरसुद्धा टँकरखालची सावली सोडत नाही.
मी आत, स्वेटर घालून.

मस्कतहून फोन आला होता:
ऑडिटच्या आधी सगळ्या फाइलींवर शिक्के हवेत,
सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय.
हाताने नकोत. आपोआप.
नऊ वर्षांचा पसारा. टेंडरं, हजेरीपत्रकं, रक्ततपासण्या,
कुणाच्या तरी लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ,
'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच फायनल', 'ते नाही हे'.
माणूस व्हिसा संपवून जातो,
त्याचं फोल्डर मात्र जागचं हलत नाही.

नियम लिहिणं तसं सोपं.
यंत्राला सांगायचं, पासपोर्ट असा ओळख:
एक अक्षर, मग सात आकडे.
रोज रात्री दोनला ऊठ,
प्रत्येक फाइल उघड, चाचप,
सापडलं तर लाल शिक्का, वर कुलूप,
आणि फजरच्या आधी झोप.

पहिल्या रात्री तीनशे बारा पंप माणसं झाले.
त्यांचेही नंबर तसेच,
गोदामाच्या यादीत गपगुमान बसलेले.
सकाळी स्टोअरचा तंगच्चन हात कमरेवर ठेवून उभा:
"माझीच यादी मला उघडत नाही.
पंपात कसलं गुपित, भाऊ?"
हसलो दोघं.

मग मी अट वाढवली.
आकड्यांच्या आसपास तीस अक्षरांत
'पासपोर्ट' हा शब्द दिसला, तरच.
दुसऱ्या रात्री पंप सुटले
आणि चौदा माणसं पंपांत गेली.

ती मी एकेक उघडून पाहिली.
कुणाचं पान स्कॅनरवर तिरकं पडलेलं,
कुणाच्या पानावर चहाच्या कपाचा गोल, नेमका त्या शब्दावर.
एकाचं घामाने फुगलेलं, शिवण उसवलेली.
जन्मस्थळ दाभोळ. आडनाव सारंग.
फोटोत तेविशीचा. आता गालफडं बसलीत.
ओळखतो मी त्याला, रात्रपाळीचा फोरमन.
चौदाही शिक्के हाताने मारले,
अहवालात लिहिलं: आपोआप.

रविवारी सारंग दारात.
मुलीच्या कॉलेजला बापाच्या पासपोर्टची प्रत हवी, उद्याच.
मूळ पुस्तक तिजोरीत,
चावी साहेबाकडे,
साहेब सलालाला, धुकं बघायला.
स्कॅन सर्व्हरवर.
सर्व्हरवर माझा नियम.
परवानगी कुणाला? साहेबाला, साहेबाच्या साहेबाला,
मस्कतच्या तिघांना.
कागद सारंगचा, नाव सारंगचं,
भुवईवरची खोक सारंगची,
आणि 'ज्याचं त्याला' असा रकानाच मी ठेवला नव्हता.
सुचलं नव्हतं.
खोटं कशाला, सुचलं होतं.
मस्कतला पुन्हा फोन करायचा कंटाळा आला होता.

तो काचेपलीकडे काहीतरी बोलला.
पंख्यांच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही.
काच बाहेरून घामेजलेली. ऑगस्टात असतेच.
त्याने बोट उचललं आणि दवात लिहिलं,
न थांबता, पाढा म्हणावा तसं:
एक अक्षर, सात आकडे.

आतून मला ते उलटं दिसत होतं.
उजवीकडून डावीकडे वाचत गेलो,
इथल्या दुकानांच्या पाट्या वाचायला शिकलो तसा,
अडखळत.
पाचव्या आकड्याच्या पोटातून एक थेंब निघाला,
खाली ओघळत गेला.
तो आकडा त्याने पुन्हा गिरवला.

मी की-बोर्ड जवळ ओढला.