दुसरा भाग

डंडी. डिसेंबर. साडेतीनलाच दिवे.
मॉराग म्हणाली, खप उत्तम आहे,
दुसरा भाग हवाच.

माझी नावाडीण
शेवटच्या दृश्यात होडी उपडी घालते,
वल्ही मोडून चुलीत सारते,
चहा ठेवते. बस.
तिला आता उठवायचं
तर पूर आणावा लागेल,
नाहीतर कुणाला तरी मारावं लागेल.

घरी ओजस पुन्हा पहिल्यापासून खेळत होता,
शेवट पाठ असून.
‘ती चहा पिते ना आई,
तेव्हा मी बटणांवरून बोटं काढतो.
उगाच धक्का नको.’

साठा उत्तरांची कहाणी
पाचा उत्तरी संपली, सुफळ.
हे मॉरागला कुठल्या शब्दांत कळवू?
‘नको’ एवढंच टाइप केलंय.
घराचा हप्ता पंधरा तारखेला.
अजून पाठवलेलं नाही.